वाखाचं पाणी

दोर वळणाऱ्याने मागे पाहायचे नसते. चाकाच्या आकड्यात वाखाचा पहिला पेड अडकवायचा, कमरेला गुंडाळलेल्या पुंजक्यातून दोन्ही हातांच्या बोटांनी तंतू सोडत राहायचे, आणि चाकाकडे तोंड ठेवून उलट पावली चालत जायचे. मागे वळून पाहिले की बोटे क्षणभर अडखळतात आणि दोर तेवढ्या जागी पातळ पडतो. पुढे कधीतरी तो नेमका तिथेच तुटतो.

सुनेला हे सासूने शिकवले, मुलगा परदेशी गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी. घराच्या मागच्या बाजूला चाकापासून कडेच्या दगडापर्यंत साठ पावलांची झोडून सपाट केलेली जागा होती. टाच दगडाला लागली की थांबायचे. सासरा चाक थांबवी, ती दोर सोडवून गुंडाळी करी, पुन्हा चाकापाशी येई आणि नवा पेड अडकवी. या गोष्टीला चार वर्षे झाली होती. लग्नानंतर नवऱ्याबरोबर ती तेवीस दिवस राहिली होती.

नवरा समुद्रापलीकडच्या एका थंड देशात मासळी साफ करण्याच्या कारखान्यात होता. बायकोला बोलावून घेण्याचा अर्ज त्याने तिकडून केला, आणि इकडचे कागद बसथांब्याजवळच्या जिन्याखाली बसणाऱ्या कागदवाल्याने भरले. हा गृहस्थ पूर्वी शाळेत कारकून होता. त्याच्या टेबलावर एक जुना कॉम्प्युटर आणि एक न फिरणारा पंखा होता. अर्ज गेल्यावर अकरा महिने काहीच आले नाही. मग फोटो परत आला, कारण त्यात तिचा एक कान झाकला गेला होता. कान दिसणारा फोटो गेला. मग डॉक्टरांच्या दाखल्याची मुदत संपली, कारण दाखला काढल्यापासून तो वाचला जाईपर्यंत वर्ष उलटले होते. नवा दाखला गेला. कागदवाला म्हणायचा की सरकारी कामात दोनच गोष्टी वेळेवर येतात, जेवणाची सुट्टी आणि घरी जायची वेळ. सासरा दर वेळी या विनोदावर हसायचा, कारण कागदवाल्याला वाईट वाटू नये असे त्याला वाटे.

अखेर बोलावणे आले. शहरातल्या कार्यालयात जाऊन दहा बोटांचे ठसे द्यायचे होते.

"शेवटची पायरी," कागदवाला म्हणाला. "बोटं टेकवायची नि मोकळं व्हायचं."

कार्यालयात फक्त अर्जदारालाच सोडत होते. सासरा फाटकाबाहेर भिंतीच्या सावलीत पिशवी पोटाशी धरून उभा राहिला. आत गारवा होता. तिचा क्रमांक लागायला तीन तास लागले. काचेच्या छोट्या चौकोनावर तिने चार बोटे ठेवली. चौकोनाखालून हिरवा उजेड आला आणि तांबडा झाला. यंत्रामागची मुलगी तिच्याहून फार तर दोन-तीन वर्षांनी लहान असेल.

"मावशी, जोर द्या."

तिने जोर दिला. उजेड तांबडाच राहिला. मुलीने ओल्या कागदाने तिची बोटे पुसली, मग कोरडी केली, मग कसलेसे मलम लावले. अंगठे, पुन्हा चार बोटे, पुन्हा अंगठे. मागे रांग थांबली होती. कोणीतरी घड्याळाकडे पाहून सुस्कारा टाकल्याचे तिला ऐकू आले. मुलीने तिचा पंजा उलटा करून दिव्याखाली धरला आणि म्हणाली, "तुमच्या बोटांवर काहीच नाहीये."

आतून एक साहेब आले. नासकी भाजी निवडताना पाहावे तसे त्यांनी एकेक बोट पाहिले आणि काय काम करता म्हणून विचारले. दोर वळतो आम्ही, असे ती म्हणाली. साहेबांनी मुलीकडे वळून विचारले की अजून हाताने वळतात का. मुलीला ते ठाऊक नव्हते. तिने एक चिठ्ठी छापून दिली. त्यावर आठ आठवड्यांनंतरची तारीख होती.

चिठ्ठी कागदवाल्याने दोनदा वाचली. तोवर हाताने कुठलेही खरबरीत काम करायचे नाही, कातडी भरून आली की रेघा परत येतात. दुसऱ्या वेळीही ठसे उमटले नाहीत, तर अर्ज अपुरा समजून बंद करण्यात येईल.

"बंद म्हणजे?" सासऱ्याने विचारले.

"बंद म्हणजे नवा अर्ज. रांगेत सगळ्यांच्या मागं, पहिल्यापासून."

घरी आल्यावर सासूने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग उठून सुनेच्या कमरेचा वाखाचा पुंजका सोडला आणि स्वतःच्या कमरेला बांधला. सून काही बोलू लागली, तशी ती म्हणाली, "तू गेल्यावर मलाच चालायचंय. आत्तापासून सवय होईल."

दुसऱ्या दिवसापासून सुनेने कशालाही हात लावायचा नाही असे ठरले. भांडी सासू घासू लागली, कारण राखेने बोटे झिजतात. कपडे सासूच धुऊ लागली, कारण साबणाने कातडी उतरते. सुनेने उंबऱ्याशी बसायचे आणि तेलाच्या वाटीत आळीपाळीने पाच-पाच बोटे बुडवून ठेवायची. वळण्याच्या जागेकडे तोंड करून ती बसे. सासूला साठ पावलांना तिच्या दुप्पट वेळ लागे. सासूचा उजवा गुडघा उलट चालीत नीट वाकत नसे, म्हणून त्या बाजूचा पाय ती ओढत नेई आणि मातीत एक लांब रेघ उमटे. संध्याकाळपर्यंत अशा रेघांनी जागा भरून जाई. सून त्या पाहत बसे. स्वतःचे धडधाकट हात तिला चोरीच्या वस्तूसारखे वाटू लागले होते. 

शेजारीण येता-जाता डोकावे. वस्तीत तिला सगळे 'बातमी' म्हणत. उंबऱ्याशी उभी राहून ती म्हणाली, "काय गं, बोटांखाली अंडी उबवतेस का?"

सुनेने मान खाली घातली. सासूने चालता चालताच उत्तर दिले, "उबवतेय. पिल्लू निघालं की पहिलं तुझ्या दारात सोडीन."

नवऱ्याचा फोन रविवारी दुपारी येई. पूर्वी तो काहीही विचारायचा. झोप लागते का, विहिरीला पाणी आहे का, आईचा गुडघा कसा आहे. एकदा त्याने तिच्या आवाजावरून तिला सर्दी झाल्याचे ओळखले होते आणि त्यावर ती आठवडाभर खूश होती. आता तो फक्त बोटांचे विचारी. फोटो पाठव म्हणे. ती उजेडात पंजा धरून दहाही बोटांचे फोटो काढी. तो तिकडे ते मोठे करून पाहत असे. उजवा अंगठा बरा दिसतो, डाव्या हाताचे मधले बोट अजून कोरे आहे, असे सांगे. चार वर्षांत नवऱ्याने तिचा हात इतका निरखून पाहिला नव्हता. एका परतणाऱ्या माणसाबरोबर त्याने कारखान्यातले पिवळे रबरी हातमोजे पाठवले, घरकामाला वापर म्हणून. तिच्या पंजाला ते बरेच मोठे होत होते. तिने ते घडी करून उशाशी ठेवले.

सहाव्या आठवड्यात रेघा दिसू लागल्या. आधी करंगळ्यांवर, मग अंगठ्यांवर, पाणी ओसरल्यावर वाळूत राहतात तशा. तिने सासूला दाखवल्या. सासूने तिचा हात डोळ्यांजवळ नेला. तिला बारीक दिसत नव्हते, तरी ती म्हणाली, "दिसतात गं." त्या आठवड्यातले बोटांचे फोटो इतके स्वच्छ आले की नवऱ्याने रविवारची वाट न पाहता मधल्या वारीच फोन केला आणि म्हणाला, "आता फार दिवस नाहीत." पलीकडे यंत्रांचा आवाज होता. तो कामावरूनच बोलत होता.

याच भरवशावर सासऱ्याने टाके भरले. घायपाताची पाने कापून, भारे बांधून दगडी टाक्यातल्या पाण्यात दडपून ठेवायची. अठरा दिवसांत गर कुजतो आणि आतला वाख मोकळा होतो. अठराव्या दिवशी पाने बाहेर काढून झोडावी लागतात. आधी काढली तर गर सुटत नाही, दोन दिवस उशीर झाला तर वाखच कुजतो. विहिरीचा तळ दिसू लागला होता आणि त्या उन्हाळ्यात टाके एकदाच भरता येणार होते. म्हणजे वर्षभर वळायचा वाख तेवढाच. सासऱ्याने बोटांवर हिशेब केला. सून ठसे देऊन येईल, त्यानंतर आठ दिवसांनी पाने निघतील. तिचे हात तोवर मोकळे झालेले असतील.

तारखेच्या तीन दिवस आधी फोनवर दोन ओळींचा निरोप आला. काही अडचणींमुळे तारीख चार आठवडे पुढे ढकलण्यात आली आहे. गैरसोयीबद्दल खेद आहे.

कागदवाल्याने अडचणी कोणत्या ते सांगता येणार नाही म्हटले. सासरा या वेळी हसला नाही, कारण कागदवाल्यानेही विनोद केला नव्हता. वाटेत त्याने सुनेला एवढेच विचारले की टाक्यातली पाने आता परत बाहेर काढता येतील का. त्याचे उत्तर त्यालाच ठाऊक होते. आठवडाभरात गर अर्धा मऊ झालेला असतो. अशी पाने ना टाक्याची राहतात ना उन्हाची.

त्यानंतर पाचव्या दिवशी सासू पडली. गुडघ्यात कळ आली म्हणून तिने दगड किती दूर आहे ते मागे वळून पाहिले, आणि ओढता पाय स्वतःच्याच रेघेत अडकल्यासारखा फिरला. ती उजव्या मनगटावर पडली. दोर हातातून सुटला नाही. पडल्यावरही तिने मुठीत तो ताणून धरला होता. सून उंबऱ्यावरून धावली खरी, पण पोहोचल्यावर दोन्ही पंजे हवेत धरून उभी राहिली. सासूला उठवायचे कसे, हे तिला क्षणभर सुचेना. जमीन खरबरीत होती, सासूच्या अंगाला वाख चिकटला होता. सासऱ्याने चाक सोडून येऊन बायकोला उठवले. 

मनगटाला प्लास्टर बसले. हात गळ्यात बांधून सासू उंबऱ्यावर सुनेशेजारी बसू लागली. दोघी समोरच्या थांबलेल्या चाकाकडे पाहत. अठराव्या दिवशी सकाळी टाक्याचा वास घरापर्यंत आला. कुजक्या, आंबट वासाखाली एक तिखट झाक आली की पाने तयार झाली. वस्तीतली कामाची माणसे पाणी आटू लागताच निघून गेली होती. राहिलेल्यांची स्वतःची टाकी होती. सासरा एकटाच पाण्यात उतरला. गुडघाभर पाण्यात उभा राहून त्याने एक भारा काठावर ढकलला, दुसरा ढकलला, आणि काठाला छाती टेकवून धापा टाकू लागला. टाक्यात साठ-सत्तर भारे होते.

सुनेने उशाखालचे हातमोजे काढले.

"नको," सासू म्हणाली.

"रबर आहे. पाणी लागत नाही ह्याला," ती म्हणाली. "ते स्वतः हेच घालून काम करतात तिकडं."

सासूने पाय आखडून उंबरा मोकळा केला. टाक्यातला वास तिलाही कळत होता.

मोजे कोपरापर्यंत सैल होते. वरून पाणी शिरेल म्हणून सुनेने दोन बारीक दोऱ्या घेतल्या आणि दातांनी ओढून मनगटाच्या वर बांधल्या. गाठ दोर वळणाऱ्याच्या हातची होती. ती ना सैल पडे, ना तिच्यातून थेंब जाई. मग ती पाण्यात उतरली. दोन महिन्यांनी हातांना वजन मिळाले होते. तिने सासऱ्याला काठावर बसवले आणि भारे एकामागून एक वर सारले. दुपारी दगडावर पाने पसरून ती मोगरीने झोडू लागली. गर पांढऱ्या पाण्यासारखा उडे. तोंडावर उडाला की चुरचुरे. हात मात्र आत सुरक्षित होते. घायपाताच्या प्रत्येक पानाच्या टोकाला काटा असतो. टोके कापून टाकलेली असतात. तरी एखादे राहून जाते. मोज्यांत आतून ओल जाणवली तेव्हा तिला तो घाम वाटला. उन्हाळ्याचे दिवस होते, रबरात हात घामेजणारच. दोन दिवस ती सकाळपासून दिवस मावळेपर्यंत राबली. पहिल्या दिवशी संध्याकाळी बोटे पांढरी आणि सुरकुतलेली दिसली. तिने ती पुसून तेलात बुडवली आणि दुसऱ्या दिवशी मोजे पुन्हा चढवले. सगळा वाख निघाला. दांडीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या झुपक्यांकडे पाहून सासऱ्याने खूप दिवसांनी चहा मागितला.

दुसऱ्या संध्याकाळी गाठ सोडताना मोज्यातून ओंजळभर पाणी सांडले. त्याला टाक्याचाच वास होता. तिने उजवा मोजा ओढला तेव्हा बोटांची कातडी त्याच्याबरोबर आली. दुखले नाही. डाव्या हाताचेही तेच झाले. टोके गुलाबी, ओली आणि गुळगुळीत दिसत होती, सोललेल्या बदामासारखी.

सासूने तिचा हात आपल्या धड हातात घेतला. या वेळी तिला डोळ्यांजवळ न्यावा लागला नाही.

"पानांचं करतो, तेच केलंस गं," ती म्हणाली.

सगळ्यांना ते ठाऊक होते. त्या घरात तीन पिढ्या हेच चालले होते: पाण्यात दडपायचे, बांधून ठेवायचे, वरचे सगळे सडून सुटेपर्यंत थांबायचे. तिने तेच पाणी स्वतःच्या हातांभोवती बांधून घेतले होते, आणि तेही तिला येणाऱ्या सर्वांत चांगल्या गाठीने.

तारखेला अठरा दिवस उरले होते. त्या दिवसांत तिने बोटे तेलात ठेवली, सुती फडक्यात ठेवली, नुसती उघडी मांडीवर ठेवली. रविवारी नवऱ्याने फोटो मागितला. तिने फोनमधले जुने, सहाव्या आठवड्यातले फोटो शोधले आणि त्यांतले दहा पाठवले. थोड्या वेळाने त्याचे उत्तर आले, की एकदम स्पष्ट आहेत, आता मुळीच काळजी करू नकोस. पुढच्या रविवारी तिने त्यांतलेच उरलेले पाठवले.

कार्यालयात तीच मुलगी होती. तिने ओळखले की नाही हे कळले नाही. काचेवर नव्या कातडीची टोके टेकली तेव्हा सुनेला काच बर्फासारखी लागली. उजेड तांबडा झाला. करंगळ्या तेवढ्या वाचल्या होत्या. त्या वेगळ्या ठेवल्यावर दोनदा हिरवा उजेड आला. बाकी आठ बोटांसाठी मुलीने पुष्कळ प्रयत्न केला. शेवटी तिने सुनेचा पंजा काचेवरून उचलला आणि लगेच सोडला नाही.

"काम करू नका म्हणून लिहून दिलं होतं ना मावशी?"

सुनेने पंजा ओढून पदराखाली घेतला. मुलीने यंत्रात लिहिले आणि चिठ्ठी छापून दिली. दोन ठसे प्राप्त. आठ अप्राप्त. सासऱ्याने फाटकाशी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि चिठ्ठी न मागता पिशवी खांद्याला लावली. बसमध्ये त्याने तिला खिडकीची जागा दिली. अर्ध्या वाटेवर तो म्हणाला की कागदवाल्याकडे आज नको, उद्या जाऊ.

घरी सासू उंबऱ्यावरच बसली होती. "किती वर्षं म्हणाले आता?" एवढेच तिने विचारले. सासऱ्याने मागच्या वेळेला सव्वीस महिने लागल्याचे सांगितले. सासूने सुनेच्या कपाळावरचे केस डाव्या हाताने मागे सारले. सून एकतीस वर्षांची होती. सासूने काय मोजले ते तिला कळले, आणि तिने मान वळवली.

रविवारी दुपारी फोन आला. नवरा नेहमीपेक्षा भराभर बोलू लागला. त्याने एक खोली पाहून ठेवली होती. खिडकी पूर्वेला होती. यंत्राने बोटे घेतली का, असे त्याने विचारले.

"घेतली," ती म्हणाली.

"सगळी?"

तिने दाराबाहेर पाहिले. सासरा चाकाच्या आसाला तेल घालत होता.

"कळवतो म्हणालेत," ती म्हणाली.

पलीकडून त्याचा श्वास सुटल्याचे ऐकू आले. कागदाला वेळ लागतोच, तो म्हणाला, पण आता आपल्याकडचे काही राहिले नाही. मग खूप महिन्यांनी त्याने विचारले, "तू जेवलीस का?" ती हो म्हणाली आणि तिने फोन मांडीवर उपडा ठेवला. त्याला वाटले, फोन कटला.

सोमवारी सकाळी तिने नवा वाख कमरेला बांधला. सासूने अडवले नाही; एका हाताने पुंजक्याचे टोक खोचून दिले. पहिला पेड आकड्यात अडकवून सून मागे चालू लागली. नव्या कातडीला वाख काचेच्या कणांसारखा लागत होता. दहा-बारा पावलांवर दोराचा रंग बदलला. पांढऱ्या पेडावर हातभर लांबीचा फिकट तांबडा डाग चढला आणि पीळ बसता बसता चाकाकडे सरकू लागला.

सासऱ्याने तो पाहिला. चाक थांबले. दोर मधोमध थोडा झोळ खाऊन लोंबू लागला.  आसावर हात ठेवून तो नुसता तिच्याकडे पाहत राहिला.

दोर सैल पडला की पीळ सुटतो, म्हणून ती एक पाऊल मागे सरली आणि तो पुन्हा ताणून धरला.

"फिरवा, मामंजी," ती म्हणाली.